राबावर लावलेली गाडी

बोईसरजवळ सालवडला आमच्या इमारतीखाली माझी गाडी उभी असते, तिथे एक जुनं पत्र्याचं ताट ठेवलेलं असतं. गाडीच्या इंजिनातून तेल गळतं. फार नाही, रात्रीत आठ-दहा थेंब. पण फरशीवर डाग पडतात म्हणून सोसायटीतल्या लोकांनी दोनदा बोलून दाखवलं, तेव्हापासून गाडी लावली की मी आधी वाकून ताट सरकवतो आणि मगच जिना चढतो. पाऊस असो, पाठ दुखत असो, चुकत नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण फरशीसाठी मी जेवढं जपलं, तेवढं दुसऱ्याच्या शेतासाठी जपलं नाही.

गाडी चौदा वर्षांची आहे. उंच छपराची, बारीक चाकांची. बायको तिला ‘डबा’ म्हणते. मागची सीट मी काढून टाकली आणि तिथे प्लायवूडची फळी बसवली, फळीवर गादी. खिडक्यांना बायकोने जुन्या मच्छरदाणीची झापडं शिवली. मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर आहे. पंप आणि व्हॉल्व्ह खोलण्यात आयुष्य गेलं. बोईसरला काही संध्याकाळी हवा अशी असते की घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. बायकोला खोकला लागतो तो लागतोच. डबा घेऊन मनोरच्या पुढे गेलो, विक्रमगडच्या अंगाला चढलो, की तासाभरात तिचा खोकला थांबतो. म्हणून महिन्यातून एखाद्या शनिवारी आम्ही निघायचो. स्टोव्ह, पाण्याचा कॅन, भाकऱ्या, सुक्या बोंबलांची चटणी. मुलगी लग्न होऊन गेल्यावर आम्हा दोघांचं एकत्र असं एवढंच उरलं होतं.

या गाडीला कच्च्या रस्त्यावर चालवायची एक रीत आम्ही बसवली होती. डांबर संपलं की चाकांतली हवा थोडी कमी करायची. चाकोरीत उतरायचं नाही, मधल्या उंचवट्यावर एक चाक आणि कडेला एक चाक. आणि जिथे दगड दिसेल तिथे थांबून, उतरून, आधी पायी चालून यायचं. बायको पुढे चालायची आणि हाताने दाखवायची: इकडे, अजून इकडे, बस. मोठमोठ्या गाड्या जिथून मागे फिरल्या तिथून आम्ही डबा वर नेला आहे. मला त्याचा गर्व होता. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी ते सांगायचो. सोबती हसायचे, “तुझी गाडी नाही रे, बकरी आहे ती.”

गेल्या वर्षी मे महिन्यात एका शनिवारी आम्हाला निघायला उशीर झाला. एका पाड्याच्या वरच्या अंगाला सपाट जागा असल्याचं मी आधी कधीतरी दुरून हेरून ठेवलं होतं. चढावर ऊन कलायला लागलं होतं. एका वळणावर दगड वर आलेले दिसले. बायको म्हणाली, “थांबा, मी उतरून बघते.”

“अगं, दहादा गेलोय असल्या रस्त्याने.”

“या रस्त्याने नाही गेलात.”

मी गाडी रेटली. खालून खणकन आवाज आला. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “दगड उडाला.” मला आवाजावरूनच कळलं होतं. तीस वर्षं लोखंडाचे आवाज ऐकलेल्या माणसाला दगड उडाल्याचा आणि दगड बसल्याचा आवाज वेगळा कळतो.

वर पोचलो तर खरंच सपाट जागा होती. उताराच्या कडेला काळा, जळलेला, सारखा केलेला चौकोन. गवत नाही, दगड नाही, काटा नाही. आजूबाजूला सगळं खडकाळ. मी गाडी नेऊन बरोबर त्या चौकोनावर लावली.

तो राब होता. भाताची रोपं तयार करायची जागा. डोंगरातले लोक उन्हाळाभर झाडांचा पाला, शेण, सुकं गवत थरावर थर रचतात, वर बारीक माती पसरतात आणि मग ते सावकाश जाळतात. त्या भाजलेल्या मातीत पावसाच्या तोंडावर भात पेरायचं, रोपं वर आली की उपटून शेतात लावायची. पुढच्या वर्षभराचा घास त्या चौकोनातून निघतो. मला हे माहीत नव्हतं, असं मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. मी सातपाटीचा, मासेमाराच्या घरातला. शेती मी केली नाही. पण एप्रिल-मेमध्ये डोंगरावर चढणारा धूर मी लहानपणापासून बघत आलो, आणि आमच्या कारखान्यात ठेक्यावर येणाऱ्या डोंगरातल्या माणसांकडून ‘राब भाजायला गावी जातो’ हे दरवर्षी ऐकत आलो. जागा बघून क्षणभर मनात आलं होतं, की इथे कोणीतरी काहीतरी मुद्दाम केलेलं दिसतंय. मी तो विचार पुढे जाऊ दिला नाही. जागा सपाट होती.

आणि मला तर कळायलाच हवं होतं. मी दहा-बारा वर्षांचा असताना आईने किनाऱ्यावर सारवलेल्या जमिनीवर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, सुकत घातला होता. फिरायला आलेल्या कोणाची तरी मोटार त्यावरून गेली. गाडीतला माणूस काच खाली करून म्हणाला, “आम्हाला वाटलं, कचरा आहे.” आई त्या मोटारीमागे टोपली घेऊन धावली होती. शिव्या अशा दिल्या की आजूबाजूच्या बायका कौतुकाने बघत राहिल्या. संध्याकाळी मात्र तो चिरडलेला जवळा वाळूतून वेचताना ती एक शब्द बोलली नाही. ते सगळं मला आठवतं. तरी मी गाडी राबावर लावली.

स्टोव्ह पेटवण्याआधी मी खाली वाकून बघितलं. थेंब पडत होते, नेहमीपेक्षा भरभर. ताट गाडीतच होतं, पण फळीखाली. वर गादी, गादीवर सामान, सामानावर बायकोने नुकतीच पसरलेली चादर. सगळं उपसावं लागलं असतं. मी स्वतःशी म्हटलं, माती आहे, फरशी थोडीच आहे.

हेच शब्द. मी त्यात काही घालत नाही आणि काढतही नाही.

सकाळी झापड वर केलं तर एक माणूस थोड्या अंतरावर उकिडवा बसलेला. आमच्या उठण्याची वाट बघत होता. तिशीतला, अंगात बनियन. मागे त्याची बायको, डोक्यावर मोळी.

“दादा,” तो म्हणाला, “गाडी जरा बाजूला घ्याल? राब हाय तो आमचा.”

मला आधी शरम वाटली, मग घाई झाली. इंजिनातलं तेल बघायची पट्टी काढली तर जवळजवळ कोरडी. इंजिन सुरू केलं असतं तर जागेवर बसलं असतं. म्हटलं, ढकलावी लागेल. त्याने चाकं माती उकरणार नाहीत अशा बेताने गाडी सरळ मागे न्यायला सांगितलं. त्याच्या बायकोने मोळी खाली ठेवली, पदर खोचला आणि पुढच्या दिव्याजवळ खांदा लावला.

“येवढीशी गाडी आनि किती जड,” ती म्हणाली.

“आत आमचा संसार आहे,” माझी बायको म्हणाली, आणि दोघी हसल्या.

गाडी हलली. खाली काळ्या राखेत काळं तेल. त्यांना दिसलं नाही. दिसण्यासारखं नव्हतंच, राख ओली असावी एवढंच वाटलं असतं. पण मला सुपाएवढा चकाकणारा डाग दिसला, आणि तेल वरवर साचलेलं नाही, आत मुरलंय हेही कळलं. गाडीत साडेतीन लिटर तेल होतं. मी चपलेने बाजूची राख त्यावर ओढली. दोनदा, तीनदा. मग पाय झटकून गाडीकडे गेलो.

दगड बसून इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीला पडलेली भेग मी लांबीने, म्हणजे धातूच्या पुटीने, बुजवली. ती सुकायला तास-दीड तास लागणार होता. तोवर त्या माणसाने आम्हाला घराकडे नेलं. त्याची म्हातारी आई अंगणात बसली होती. सुनेने कोरा चहा केला. माझ्या बायकोने जवळचे सगळे सुके बोंबील काढून दिले. म्हातारी खूश झाली. म्हणाली, “पावसात आना. पावसात आमाला कायच मिलत नाय.” बायको म्हणाली, “आणते. नक्की.”

“राबाचं काही खराब झालं का?” बायकोने त्या माणसाला विचारलं.

“राखच ती. पुन्हा पसरवू.”

मी चहा पीत होतो. तेव्हा सांगायला हवं होतं. एवढीच माती काढून टाकायची होती, दोन घमेली. पेरणीला अजून तीन आठवडे होते. पण सांगितलं असतं तर डाग चपलेने का झाकला, हेही सांगावं लागलं असतं.

गळतीमुळे इंजिनाचं तेल मी नेहमी सोबत ठेवायचो, ते भरून आम्ही उतरलो. मनोरपाशी बायकोने विचारलं, “ताट ठेवलं होतंत ना खाली?”

“हो.”

तिने काच वर केली.

आमच्या कारखान्यात जुन्या कॉम्प्रेसरच्या मागे जमिनीचा एक पट्टा आहे. तिथे पूर्वी तेल सांडायचं. पावसाळ्यात सगळीकडे गवत माजतं, तिथे आजही माती उघडी. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर मी कामाशिवाय दोन-तीनदा तिकडे जाऊन उभा राहिलो. एका सोबत्याने विचारलं, “क्या ढूँढ रहे हो?” मी म्हटलं, पाना पडला.

जुलैत बायकोने सातपाटीहून सुकट, बोंबील आणले आणि पिशवी भरली. मी म्हटलं, रस्ता चिखलाचा असेल, गाडी चढणार नाही. ती म्हणाली, “डांबरावर ठेवू. चालत जाऊ. शब्द दिलाय मी.”

चालत गेलो. दुरूनच राब दिसला. सगळीकडे दाट, पोपटी रोपं, आणि मधोमध उघडी काळी जागा. तिथून उताराकडे जिभेसारखा एक पिवळा पट्टा खाली गेलेला. पावसाच्या पाण्याबरोबर तेल उतरलं होतं. म्हातारी आणि सून रोपं उपटून जुड्या बांधत होत्या. अंगावर प्लास्टिकचे कागद. नवरा खालच्या शेतात बैल घेऊन चिखल करत होता.

म्हातारीने पिशवी उघडून वास घेतला आणि माझ्या बायकोला जवळ बसवलं. मग कोणी न विचारताच राबाकडे हात केला.

“बगा. येवढी रोपं गेली. खालचं एक शेत आवंदा रितं राहील. हिनं भाजला राब. पाला टाकला कसा, माती टाकली कशी, देवाला ठाऊक. आईबापानं शिकवलंच नाय काय.”

सून मान खाली घालून उपटत राहिली.

“एखाद्या वेळी होतं तसं,” माझी बायको म्हणाली.

“नाय होत. चाळीस वर्सं मी भाजला, कधी असं टक्कल नाय पडलं. पाड्यात सगले बोलतात, हिचा हातच चांगला नाय. पुढल्या सालापासून राबाला हात लावायचा नाय, बियानं टाकायचं नाय. मोठ्या सुनेला बोलवीन मी.”

सुनेने तेव्हा वर बघितलं. माझ्याकडे नाही, त्या काळ्या जागेकडे. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती खरंच शोधत होती, आपलं कुठे चुकलं ते. पंधरा दिवस ती हेच करत असणार. पाला जाड पडला का, विस्तव लवकर विझला का.

माझ्या बायकोने त्या जागेकडे बघितलं. मग चालत गेली, तिथे वाकली, चिमूटभर माती उचलून नाकाशी नेली. तिथूनच, सगळ्यांसमोर, तिने मला विचारलं.

“ताट ठेवलं होतंत ना?”

मी म्हटलं, “नाही.”

“मोठ्याने बोला.”

“नाही ठेवलं. तेल सांडलं होतं. मला दिसलं होतं. मी राख ओढली वर.”

म्हातारीला कळेना. “तेल? खायचं तेल?”

“गाडीचं, आजी. त्याने काही उगवत नाही. हिची काही चूक नाही. माझी आहे.”

खालून बैलांना हाकल्याचा आवाज येत होता. मी खिशात हात घातला तर सून म्हणाली, “ते ऱ्हाऊ द्या.” हातातली जुडी तिने पुरी बांधली, नीट ओळीत ठेवली, हात चिखलाच्या पाण्यात धुतले आणि उभी राहिली.

“तवाच सांगितलं असतं तर माती काढली असती आमी,” ती म्हणाली. “आता सांगून रोपं येनार नाय. पन मी किती आयकलं. माझ्या आईबापापर्यंत गेलं.” मग जरा थांबून, “चला.”

“कुठे?”

“पाड्यात. जे जे बोलले त्यांच्या दारात. तितं सांगा.”

पाड्यात नऊ घरं. ती पुढे, मी मागे, माझ्या मागे माझी बायको. प्रत्येक दारात सून बाजूला उभी राहायची आणि एकच शब्द म्हणायची, “सांगा.” मी सांगायचो. पहिल्या घरात मला दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्या घरातला म्हातारा सगळं ऐकून म्हणाला, “म्हंजे आता भात पेट्रोलवर वाढनार?” आणि स्वतःच खोकत हसला, सूनही गालात हसली असं मला वाटलं. एका घरातली बाई चुलीपुढून न उठता म्हणाली, “बरं झालं बोललाव,” आणि फुंकणी तोंडाला लावली. काही जण माझ्यापेक्षा तिच्याकडे बघत होते. पाचव्या-सहाव्या घरापर्यंत मला वाक्यं पाठ झाली होती, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. पाठ झालेलं बोलणं हलकं होत जातं. एका घरात मी राख ओढल्याचं गाळून बघितलं. माझी बायको मागून म्हणाली, “आणि राख?” मग ते सांगितलं.

शेवटचं घर म्हातारीच्या बहिणीचं. ‘हात चांगला नाही’ हे पहिल्यांदा तीच बोलली होती. ओसरीवर बसून तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुमी बरी मानसं. हिनं चहा पाजला, तुमी तिची बाजू घेताव. असं कुठं तेलानं भात मरतं?”

“खरं सांगतोय, मावशी.”

“खरं असतं तर तवाच बोलला असता.”

सून परत फिरली. मला वाटलं, संपलं. ती राबावर गेली, खुरप्याने त्या जागेची ढेकूळभर माती काढली, तशीच चालत आली आणि माझ्या हातात दिली. मी ती मावशीपुढे धरली. तिने वास घेतला. दुसऱ्यांदा घेतला. माझ्या तोंडाकडे बघितलं, सुनेच्या तोंडाकडे बघितलं नाही, आणि आत निघून गेली.

दुपारी मी फावडं मागून घेतलं आणि ती जागा खणली. वीतभर खोल गेलो तरी वास येत होता, अजून खोल गेलो. माती पाच गोण्या भरली. नवरा शेतातून वर आला, त्याला सगळं कळलं होतं. दोन गोण्या त्याने स्वतःच्या डोक्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत पोचवल्या. आम्ही गादी गुंडाळून कडेला उभी केली आणि आमच्या झोपायच्या फळीवर त्या गोण्या रचल्या. डबा मागून खाली बसला.

बोईसरला आल्यावर बायको एवढंच म्हणाली, “मे महिन्यात मी विचारलं होतं तुम्हाला.” त्यानंतर आम्ही गाडी घेऊन मुक्कामाला गेलो नाही. तिने नको म्हटलं नाही. मी चला म्हटलं नाही. संध्याकाळी हवा वाईट असली की ती खिडक्या लावून घेते आणि खोकते. गोण्या बरेच दिवस गाडीतच होत्या. टाकायच्या तर कुठे, कोणाच्या जागेत? शेवटी कारखान्यात विनंती करून तेलकट कचरा जिथे जमा होतो तिथे मी त्या स्वतः ठेवून आलो.

या वर्षी मार्चमध्ये मी एकटा गेलो, एसटीने. सांगून गेलो नव्हतो. सून डोंगरातून पाल्याचे भारे आणत होती. तिने मला बघितलं आणि दुसरी दोरी पुढे केली. दिवसभरात मी चार भारे आणले. तिने त्यापेक्षा दुप्पट. शेण टाकल्यावर म्हातारी अंगणातून ओरडली, “माती बारीक टाक गं,” आणि सुनेने राबावरून उत्तर दिलं, “टाकतेय, दिसतं ना तुमाला.” म्हणजे राब तिच्याच हाती राहिला होता. माझ्याशी ती कामापुरतं बोलली. हा भारा इकडे, तो तिकडे. आधी मला दादा म्हणायची. आता कशानेही हाक मारत नाही.

खणलेली जागा त्यांनी दुसरीकडची माती आणून भरली आहे. त्यावर तिने पाल्याचा थर बाकीच्यापेक्षा जाड दिला. तिथे काही उगवतं की नाही ते जुलैत कळेल. बायकोने सुकट बाजूला काढून ठेवली आहे, या वर्षीही ती नेणार आहे. सोबत मी येऊ का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.